रियाजाचा साक्षीदार

संगीत ही मुख्यतः श्रवणाची विद्या आहे. चित्रकाराला आपले चित्र चार पावले मागे सरून न्याहाळता येते. लेखकाला आदल्या दिवशी लिहिलेले पान दुसऱ्या दिवशी शांतपणे वाचता येते. गायकाचा स्वर मात्र उमटता उमटताच विरून जातो. तो नेमका लागला की किंचित उतरला, याचा निवाडा गाता गाताच करावा लागतो आणि तो करणारे मन त्याच वेळी पुढच्या स्वराची जुळवाजुळव करण्यात गुंतलेले असते. हिंदुस्थानी संगीताच्या शिक्षणात गुरूला समोर बसण्याचे महत्त्व आहे ते यामुळेच. शिष्य गातो, गुरू ऐकतो आणि चूक तेथल्या तेथे दाखवतो. प्रश्न उरतो तो गुरूच्या गैरहजेरीतील तासांचा. आठवड्यातून एक-दोन तास तालीम मिळत असली, तर बाकीचे सारे तास रियाजाचे असतात आणि त्या तासांत शिष्याची चूक ऐकणारे कोणीही नसते.

खिशात मावणारा रेकॉर्डर ही उणीव काही अंशी भरून काढू शकतो. परंतु तो निवडताना विद्यार्थ्यांची दृष्टी बहुधा चुकीच्या गोष्टींवर जाते. आकार, रंग, साठवणक्षमता, सोयींची लांबलचक यादी यांना महत्त्व दिले जाते. संगीताच्या विद्यार्थ्याने रेकॉर्डरला विचारावयाचा पहिला प्रश्न अगदी साधा आहे : हे यंत्र ऐकलेला आवाज जसाच्या तसा ठेवते, की स्वतःच्या मर्जीने त्यात फेरफार करते? साक्षीदार खरे बोलणारा हवा. गोड बोलणारा साक्षीदार रियाजाचे नुकसानच करतो.

ध्वनिमुद्रण आणि भारतीय संगीत यांचा संबंध शंभर वर्षांहून जुना आहे. १९०२ साली कोलकात्यात गौहरजान यांचे गायन मुद्रित झाले. त्या काळच्या तबकडीवर जेमतेम तीन मिनिटांचे गाणे मावत असे. गाण्याच्या अखेरीस गौहरजान स्वतःचे नावही इंग्रजीत सांगत. पुढील काही दशकांत ध्वनिमुद्रिका गावोगावी पोहोचल्या आणि ज्यांना मैफलीत कधी बसता आले नसते, अशांच्या कानांवर थोरांचे गाणे पडू लागले. गदगच्या भीमसेन जोशी यांनी लहानपणी अब्दुल करीम खाँ यांची ध्वनिमुद्रिका ऐकली. त्या स्वरांनी झपाटलेला हा मुलगा १९३३ साली गुरूच्या शोधात घराबाहेर पडला आणि अखेर अब्दुल करीम खाँ यांचेच शिष्य असलेल्या सवाई गंधर्वांपाशी कुंदगोळला येऊन स्थिरावला. या घटनेत ध्वनिमुद्रणाची शक्ती आणि मर्यादा दोन्ही दिसतात. ध्वनिमुद्रिकेने ओढ लावली. विद्या मात्र गुरूच्या सहवासात वर्षानुवर्षे राहूनच मिळाली.

तबकडीचे युग हे ऐकण्याचे युग होते. मुद्रण करणे कंपन्यांच्या हाती होते. १९६३ साली फिलिप्स कंपनीने कॅसेट बाजारात आणली आणि कालांतराने मुद्रण करण्याची शक्ती सामान्य विद्यार्थ्याच्या हाती आली. अनेक घरांत गुरूंच्या तालमीच्या कॅसेट जिवापाड जपून ठेवलेल्या आढळतात. तथापि, त्या यंत्राला स्वतःचे दोष होते. सेल उतरू लागले की फितीची गती मंदावे आणि मुद्रण करताना व ऐकताना गती वेगळी पडली की षड्जच हलत असे. सुरांचा अभ्यास करू पाहणाऱ्याला हा दोष फार महाग पडे. आजच्या डिजिटल रेकॉर्डरमध्ये गती अशी ढळत नाही. सुराच्या बाबतीत खिशातील लहान यंत्रही आता भरवशाचे झाले आहे. त्यामुळे आजच्या निवडीचे निकष कॅसेटच्या काळाहून वेगळे आहेत.

मुळात स्वतःचे गाणे यंत्रातून ऐकण्याची गरज काय, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर शरीराच्या रचनेत आहे. माणूस स्वतःचा आवाज दोन वाटांनी ऐकतो. एक वाट हवेतून कानाकडे येते, तर दुसरी कवटीच्या हाडांमधून आतल्या आत कानापर्यंत पोहोचते. हाडांतून येणाऱ्या कंपनांमुळे स्वतःचा आवाज स्वतःला अधिक भरदार आणि गंभीर वाटतो. इतरांना यांपैकी पहिल्या वाटेचाच आवाज ऐकू येतो. आपला आवाज प्रथमच मुद्रित स्वरूपात ऐकणारा प्रत्येक जण दचकतो आणि ‘हा माझा आवाज नाही’ असे म्हणतो, त्याचे कारण हेच. वास्तविक श्रोत्यांपर्यंत पोहोचणारा आवाज बहुतांशी तोच असतो. हा पहिला धक्का पचवणे हीच स्वपरीक्षणाची सुरुवात होय.

आता निवडीकडे वळावे. पहिली परीक्षा आवाजाच्या चढउताराची. सभा, मुलाखती आणि व्याख्याने टिपण्यासाठी तयार केलेल्या लहान रेकॉर्डरमध्ये आवाजाची पातळी आपोआप सांभाळणारी योजना असते. हळू बोललेले शब्द ती मोठे करते आणि मोठ्याने बोललेले लहान करते. वार्ताहराला ही सोय वरदानासारखी वाटते. गाणाऱ्याला ती फसवते. ख्यालगायनात स्वर हलकेच लावून फुलवत नेणे, मींड घेताना आवाज निमुळता करणे, समेवर वजन देणे या साऱ्यांत सौंदर्य असते. यंत्राने हा चढउतार सपाट केला, तर विद्यार्थ्याला आपले गाणे खरोखरीच एकसुरी होते की यंत्राने ते तसे केले, हे कळणारच नाही. या योजनेची खूण ओळखणे सोपे आहे. गायक श्वास घेण्यासाठी थांबला की मागचा तानपुरा अचानक मोठा होतो आणि गाणे सुरू होताच पुन्हा दबतो. म्हणून ज्यात ही योजना पूर्णपणे बंद करता येते आणि आवाजाची पातळी हाताने ठरवता येते, असाच रेकॉर्डर निवडावा. ही एकच अट पुरी होत नसेल, तर बाकीच्या दहा सोयी व्यर्थ आहेत.

दुसरी परीक्षा खालच्या सुरांची. बोलणे स्पष्ट ऐकू यावे म्हणून अनेक यंत्रे मंद्रातील घुमारा गाळून टाकतात. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाचा मध्य षड्ज सुमारे १३९ हर्ट्झचा असतो आणि तानपुऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे सुमारे ६९ हर्ट्झवर बोलते. डग्ग्याची घुमकही याच परिसरातली. यंत्राने हा भाग गाळला, तर खर्जाचा रियाज पोकळ ऐकू येतो आणि तबल्याचा ठेका अर्धवट उरतो. विकत घेण्यापूर्वी दुकानातच मंद्र सप्तकात दोन स्वर लावून पाहावेत आणि ते हेडफोनवर ऐकावेत. माहितीपत्रकातील आकड्यांपेक्षा ही दोन मिनिटांची कसोटी अधिक विश्वासार्ह ठरते.

तिसरी परीक्षा गोंगाट दूर करणाऱ्या योजनेची. पंख्याची घरघर, रस्त्यावरचा आवाज असे सतत चालणारे ध्वनी ओळखून ते पुसून टाकण्याचे तंत्र आज अनेक यंत्रांत आणि मोबाइलमध्ये असते. तानपुऱ्याचा नादही सतत चालणारा असतो. यंत्राच्या लेखी पंखा आणि तानपुरा यांत फारसा फरक नाही. २०२० साली टाळेबंदीमुळे संगीताचे वर्ग दूरसंवादाच्या पडद्यावर भरू लागले, तेव्हा असंख्य गुरू-शिष्यांना याचा प्रत्यय आला. शिष्याच्या खोलीत तानपुरा सुरू असूनही पलीकडे तो तुटक ऐकू येई किंवा नाहीसाच होई. लांब लावलेला स्वरसुद्धा मध्येच विरे. शिवाय आवाज पोहोचण्यास लागणाऱ्या विलंबामुळे दोघांनी एकत्र गाणे अशक्य होते. तेव्हा अधिक उपयोगी वाट म्हणजे शिष्याने आपल्या घरी स्वच्छ मुद्रण करून ते गुरूंकडे पाठवणे आणि त्यावर त्यांचे अभिप्राय घेणे. गुरूपासून दूरच्या गावात राहून शिकणाऱ्यांसाठी ही वाट आजही तितकीच मोलाची आहे.

त्यानंतर प्रश्न येतो तो मुद्रण कोणत्या स्वरूपात साठवावे याचा. कॉम्पॅक्ट डिस्कच्या दर्जाचे, म्हणजे सेकंदाला ४४,१०० नमुने घेणारे १६ बिटचे दोन वाहिन्यांचे मुद्रण, मिनिटाला सुमारे १० मेगाबाइट जागा घेते. एका तासाला सुमारे ६३५ मेगाबाइट. त्या हिशेबाने ३२ गिगाबाइटच्या कार्डात जवळपास ५० तासांचे गाणे मावते. एमपी३ या संक्षिप्त स्वरूपात, १२८ किलोबिटच्या दराने, तेच मुद्रण तासाला सुमारे ५८ मेगाबाइटमध्ये बसते. परंतु जागा वाचवताना कानाला जाणवण्याची शक्यता कमी असलेले ध्वनी वगळलेले असतात. लय तपासण्यासाठी किंवा बंदिशीचे शब्द आठवण्यासाठी ते पुरेसे आहे. स्वराचा लगाव आणि आवाजाची जात तपासावयाची असेल, तर न आकसलेले वेव्ह स्वरूप घ्यावे. रेकॉर्डरमध्ये ही दोन्ही स्वरूपे असावीत, एवढी अपेक्षा पुरेशी आहे. यापुढच्या मोठमोठ्या आकड्यांसाठी अधिक पैसे मोजण्याचे विद्यार्थ्याला कारण नाही.

ऐकण्याच्या सोयींकडे मात्र अवश्य लक्ष द्यावे, कारण शिकणे तेथेच घडते. निवडलेला तुकडा पुन्हा पुन्हा वाजवता येणे ही पहिली सोय. सूर न बदलता गती कमी करता येणे ही दुसरी. पूर्वी फीत निम्म्या गतीने वाजवली की स्वर एक सप्तक खाली उतरत. तान सुटी होई, पण तिचा रंग पार पालटे. आज मूळ षड्ज कायम ठेवून द्रुत तान संथ गतीने ऐकता येते आणि कोणता स्वर ठोस लागला, कोणता नुसता घसरत गेला, हे उघड होते. तिसरी सोय साधेपणाची. एका बटणावर मुद्रण सुरू होणारा रेकॉर्डर रोज वापरला जातो. पाच पडदे उलटल्याशिवाय सुरू न होणारा आठवडाभरात कपाटात जातो. बाजारात सहज मिळणाऱ्या सेलवर चालणारे यंत्र प्रवासात आणि वीज जाणाऱ्या गावांत अधिक उपयोगी पडते.

चांगले यंत्रही चुकीच्या जागी ठेवले तर खोटी साक्ष देते. पेटी ज्या चौरंगावर असेल त्याच चौरंगावर रेकॉर्डर ठेवल्यास भात्याची धडधड त्यात उतरते. तो वेगळ्या आधारावर, घडी घातलेल्या कापडावर ठेवावा. गायकापासून तीन-चार फुटांचे अंतर, बंद पंखा आणि थोडा मागे ठेवलेला तानपुरा ही बैठक बहुतेक खोल्यांत चालते. मुद्रणाआधी तार सप्तकातील आपली सर्वांत जोरकस तान घ्यावी आणि त्या वेळी पडद्यावरील मोजपट्टी शून्याच्या सुमारे १२ डेसिबल खाली राहील, अशी पातळी ठरवावी. पातळी थोडी कमी राहिली तर नंतर वाढवता येते. एकदा फाटलेला आवाज मात्र सहसा पूर्ववत करता येत नाही. अलीकडच्या काही रेकॉर्डरमध्ये ३२ बिट फ्लोट या पद्धतीमुळे पातळी ठरवण्याची चिंता बरीच कमी झाली आहे. तरीही ती ठरवण्याची सवय विद्यार्थ्याने लावून घ्यावी, कारण त्यामुळे आपल्या आवाजाचा आवाका त्याला कळतो.

जवळजवळ प्रत्येकाच्या हाती मोबाइल असताना वेगळा रेकॉर्डर घ्यावाच का, हा प्रश्न रास्त आहे. आरंभी मोबाइल पुरेसा आहे, असेच त्याचे प्रामाणिक उत्तर द्यावे लागेल. अलंकार, पलटे, सरगमगीते यांचा अभ्यास करणाऱ्याने नव्या यंत्रासाठी आईवडिलांना खर्चात पाडू नये. मोबाइलमधील आपोआप चालणाऱ्या योजना शक्य तेवढ्या बंद कराव्यात, त्यावर येणारे फोन व संदेश तेवढ्या वेळापुरते थांबवावेत आणि आधी रोज मुद्रण ऐकण्याची सवय जडते की नाही हे पाहावे. सहा महिने ही सवय टिकली, गाण्यात आवाजाचा चढउतार येऊ लागला, तबल्याबरोबर बसणे सुरू झाले आणि मोबाइलमधील योजना बंद होत नसल्या, तर वेगळा रेकॉर्डर घेण्याची वेळ आली असे समजावे. सवय नसताना घेतलेले यंत्र केवळ मालकीचे समाधान देते.

या साधनावर जुन्या पिढीतील अनेक गुरूंचा आक्षेप आहे आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. तालमीत यंत्र सुरू असले की शिष्याचे अवधान सैल होते. ‘नंतर ऐकू’ या भरवशावर तो आज ऐकत नाही. पूर्वीचे शिष्य एक बंदिश मिळवण्यासाठी कान आणि स्मरण पणाला लावत. त्यामुळे ती बंदिश त्यांच्या गळ्यात कायमची वस्तीला येई. आज शेकडो तासांचे गाणे साठवलेल्या विद्यार्थ्याला त्यातील चार ओळीही न पाहता गाता येत नाहीत, हे चित्र दुर्मिळ नाही. मात्र हा दोष यंत्राचा नसून क्रमाचा आहे. तालमीत आधी कानाने घ्यावे, घरी आल्यावर आठवून गावे, आठवलेले मुद्रित करावे आणि मगच गुरूंच्या मुद्रणाशी ताडून पाहावे. या क्रमाने गेल्यास रेकॉर्डर स्मरणशक्तीची परीक्षा घेतो. क्रम उलटा केला, तर तो तिला निवृत्त करतो.

दुसरा प्रश्न अनुमतीचा आहे. जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक अल्लादिया खाँ यांनी आपल्या गायनाची ध्वनिमुद्रिका निघू दिली नाही. त्यांच्या शिष्या, गोव्यातील केरी गावच्या केसरबाई केरकर, याही ध्वनिमुद्रणाबाबत अतिशय काटेकोर होत्या. याच केसरबाईंची भैरवी १९७७ साली अमेरिकेने अवकाशात पाठवलेल्या व्हॉयेजर यानांवरील ध्वनिमुद्रिकेत समाविष्ट झाली, हा इतिहासातील एक विलक्षण योग आहे. कलावंताची विद्या ही त्याची आयुष्यभराची कमाई असते. ती केव्हा, कोणाला आणि किती द्यावी हे ठरवण्याचा अधिकार त्याचाच. भारतीय कॉपीराइट कायद्यात १९९४ साली झालेल्या दुरुस्तीने सादरकर्त्या कलावंताचे हक्क मान्य केले. स्वतःच्या खासगी उपयोगासाठी केलेले मुद्रण त्या हक्कांचा भंग ठरत नाही, असेही हा कायदा सांगतो. परंतु कायद्याने जे चालते ते सारेच गुरुगृही चालते असे नाही. विचारून मुद्रण करावे, नकार आला तर तो मानावा आणि मिळालेले मुद्रण गुरूंच्या संमतीशिवाय दुसऱ्याच्या हाती देऊ नये. एका बटणाने हजारो लोकांपर्यंत ते पोहोचवता येणे शक्य असल्यामुळेच हा संयम आज अधिक आवश्यक झाला आहे.

अखेर साधनाची किंमत त्याच्या उपयोगावरून ठरते. दोन तासांचा संपूर्ण रियाज मुद्रित करून तो कधीही न ऐकणाऱ्यापेक्षा दहा मिनिटे मुद्रित करून तीच दहा मिनिटे कान देऊन ऐकणारा विद्यार्थी पुढे जातो. त्याने एका वेळी एकच प्रश्न घ्यावा. आज षड्ज पाहावा : तानपुरा थांबवून पाच मिनिटे गावे, शेवटी तो पुन्हा सुरू करावा आणि स्वर कोठे सरकला ते मुद्रणात ऐकावे. उद्या लय पाहावी : हाताने ताल धरून विलंबित ख्याल म्हणावा आणि रेकॉर्डरच्या घड्याळावर पहिले व शेवटचे आवर्तन मोजावे. पहिले ४८ सेकंदांचे आणि शेवटचे ४० सेकंदांचे भरले, तर लय चढली हे निर्विवाद होय. परवा शब्दोच्चार पाहावेत. महिन्यातून एकदा तीच बंदिश मुद्रित करून, तारीख घालून जपून ठेवावी. वर्षाअखेर बारा मुद्रणे ओळीने ऐकली, की आपण कोठून कोठे आलो, याचा पुरावा हाती येतो. उत्साह खचलेल्या विद्यार्थ्याला तो धीर देतो आणि फार लवकर समाधानी झालेल्याला जागे करतो.

एवढे काम साध्या, मध्यम किमतीच्या रेकॉर्डरवरही उत्तम होते. आवाजात ढवळाढवळ न करणारा, खर्जापासून तारसप्तकापर्यंत सारखाच ऐकणारा, हाताळण्यास सोपा आणि रोज वापरला जाणारा रेकॉर्डर विद्यार्थ्याने निवडावा. तो चूक दाखवील. ती कशी सुधारावी हे मात्र सांगणार नाही. ते सांगण्यासाठी गुरू आहेत आणि सुधारण्यासाठी विद्यार्थ्याचा स्वतःचा रियाज आहे.